प्लांटकडचा वारा

हे मी कोणालेच सांगतलं नाही — आमच्या ह्यायलेही नाही. तुमालेच सांगून राहिली.

मूर्तिजापूरजवळ आमच्या गावाबाहेर गॅस भरायचा प्लांट आला, तवा मी पेढे वाटले होते! जागेचे भाव वाढतीन, आपल्या घराचं सोनं होईन — ओट्यावर बसून मीच सगळ्यायले सांगे. आन् झालं काय? टँकरची रांग, अवेळी भोंगा, आन् तिकडून वारा सुटला की तो वास, सडक्या कांद्यासारखा. घर पाहाले आलेला माणूस चहा न घेताच वापस जाये. ह्यायची बदली अमरावतीले झालेली. मी तर रडकुंडीले आली होती.

मग अचलपूरहून शमीम आन् तिचा नवरा घर पाहाले आले. तो टेलर; इथं राहून प्लांटच्या गड्यायचे कपडे शिवीन म्हणे. येष्टीतून उतरले आन् वारा नेमका तिकडूनच! मी काय केलं माहीत आहे? कढईत तेल कडकडीत तापवलं, मूठभर हिरव्या मिरच्या अन् लसूण टाकला — अरे बापा, काय ठसका! सगळे खोकून खोकून हसले. शमीम डोळे पुसत म्हणे, "भाभी, जिथं असा ठेचा होते, ते घर बरकतीचं!" तिथंच सौदा पक्का. मले तर नाचावं वाटत होतं! अजूनही आठवलं की हसू येते — येते, काहून खोटं बोलू?

पण एवढंच असतं तर मी हे हसत सांगतलं असतं ना.

काही दिवसांनी तिचा फोन आला. घरात गॅसचा वास येते, तुमच्या वेळी येत होता का? मी पटकन म्हटलं, "नाही वं माय! तुह्या सिलेंडरची नळी पाह्य."

तिनं नळी बदलली. रेग्युलेटर बदललं. मंग सिलेंडरच बाहेर काढलं.

ईदले बोलावलं म्हणून गेली, तर ती अंगणात चूल फुकून राहिली होती. त्या स्वयंपाकघरात काडी पेटवाले भेते म्हणे — माझ्या त्या ठेच्याच्या स्वयंपाकघरात! शीरखुर्म्याची वाटी हातात देऊन तिनं मले आत नेलं. "भाभी, तुमाले तर कळते. सांगा ना, आता येते का वास?"

खिडकी उघडी होती. वारा प्लांटकडूनच होता. मी छाती भरून श्वास घेतला.

"नाही," म्हटलं.