गाडीच्या नाकावर हार

"मास्तर, गाडीचं नाक कुठं हाय ते आधी बघा," असं म्हणून आमचे मिस्त्री स्वतःच्या नाकाला बोट लावून लांब श्वास घ्यायचे. गिऱ्हाइकालाही घ्यायला लावायचे. किहीमच्या रस्त्यावरून जाताना तुम्ही कधी ते गॅरेज पाहिलं असेल, तर तिथं योगाचा वर्ग चालतो असंच तुम्हाला वाटलं असेल.

माझी जुनी टर्बो जीप चढावर धापा टाकायची म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि बशीत ओतला.

"टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की ती तापते, विरळ होते, मग गाडीला दम पुरत न्हाय. म्हणून मधी इंटरकूलर. हवा निववायची बशीच समजा."

ती भरली बशी त्यांनी सरळ माझ्या तापलेल्या इंजिनावर ठेवली. "आता निवंल चहा?"

"नाही."

"मग तुमचा इंटरकूलर हितं इंजिनाच्या डोक्यावर काय करतोय?"

आठ दिवसांत त्यांनी तो पुढच्या जाळीमागं वाऱ्यात आणला. गार हवा मिळावी म्हणून हवेचा पाइपही पार बंपरखाली नेला. मी ऐटीत जीप किनाऱ्यावर घातली आणि ती गुदमरून बंद पडली. फिल्टरच्या डब्यातून निघाला एक खेकडा, तोही जिवंत. मिस्त्रींनी त्याला चिमटीत धरलं.

"यालाबी गार हवा लागते," म्हणाले आणि पाइप हातभर वर घेतला. चूक कबूल करण्याची त्यांची पद्धत एवढीच.

दसऱ्याला मात्र ते कुणाचं ऐकत नसत. जाळीवर हार बांधायचा नाही. "नाक बांधून तुम्ही खिंड चढाल काय?" त्यामुळं आमच्याकडच्या गाड्यांना हार मागच्या बाजूला. आमच्या हिने मागून गाडी ओवाळली आणि दिवसभर माझ्याशी धुसफुसत राहिली.

मग त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. सासर पालीचं, पाठवणीला माझी जीप आणि चालवायला मी. मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या गाडीला तरी हार पुढं बांधा." हे म्हणाले, न्हाय. तिनं अबोला धरला.

"चार दिस झालं, बोलत न्हाय हो," ते मला सांगायला आले. "जायची वेळ आली आन् बोलत न्हाय." डोळे भरले होते, पण हाराचं नाव काढत नव्हते. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

पाठवणीला ती गळ्यात पडून रडली, पण शब्द बोलली नाही. ती गाडीत बसली आणि मिस्त्री कुठूनसा झेंडूचा हार घेऊन आले. मनगटाएवढा जाड. तीन पदर करून त्यांनी अख्खी जाळी झाकली आणि हार तारेनं आवळला.

"मिस्त्री, नाक?" मी हसत विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "सावकाश जावा," म्हणाले.

खिंडीच्या चढाला जीप खरंच धापा टाकू लागली. विटांचा टेम्पोसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. नवरदेव बिचारा म्हणाला, "काका, उतरून हार सोडू का?"

मागून ती रडता रडता हसली. "राहू द्या. यानं गाडी हळू जाते, हे बाबांनाच ठाऊक हाय."

एका हारानं जीप किती अडते कुणास ठाऊक. मी मात्र पाय आणखी हलका केला. तिनं पर्समधून फोन काढला.

"बाबा," ती म्हणाली, "अजून खिंडीतच हाय आम्ही."