ह. खु.

देवपूरला कॉलेजात मी अकाउंट्स शिकवतो. डेबिटमध्ये ‘आर’ नसताना ‘डीआर’ कुठून आलं, हे मुलं दरवर्षी विचारतात. ते डेबिटचं नाही, डेटरचं, म्हणजे ऋणकोचं लघुरूप असावं, असं मी सांगतो. लघुरूपांची मला अशी बरीच माहिती. पण वडिलांच्या वहीतलं एक मला वाचता आलं नाही.

आम्ही वडिलांना आबा म्हणायचो. धरणगावला कापसाच्या एका पेढीवर ते आयुष्यभर मुनीम होते. जुने मालक वारले, भावाभावांत वाटणी निघाली आणि धाकट्या मालकाने जुन्या वह्या तपासायला दिल्या. रोख दिलेल्या रकमांपुढे जागोजागी ‘ह. खु.’ होतं. तपासणाऱ्याने त्याचा अर्थ लावला, ‘हस्ते खुद्द’, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतः पैसे उचलले.

धाकट्या मालकाने मला वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि फोन केला. “सर, तुम्हीच विचारा. पोलिसांत जायची आमची इच्छा नाही.”

मी शनिवारी गेलो. आबा ओट्यावर दाढी करत बसले होते. मी वहीचा फोटो पुढे धरला आणि विचारलं, “आबा, हे पैसे तुम्ही घेतले होते का?”

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच.

“तू बी इचारस?”

त्यांनी फोटोतल्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“हस्ते खुद्द. जो माल लई उना, तोच पैसा लई गया. दुसरा कोनी उना व्हता, तर त्यानं नातं लिखेल शे. पान उलट, बठ्ठं दिखी.”

म्हणजे कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःच पैसे नेले, तर ‘खुद्द’. मी फोनवरच पुढचं पान उघडलं. ‘ह. मुलगा’, ‘ह. जावई’. शेतकऱ्याच्या वतीने जो पैसे न्यायला आला, त्याचं नातं लिहिलेलं. अर्थ विचारायच्या आधी मी चोरीचं विचारलं होतं.

धाकट्या मालकाला मी समजावून सांगितलं. “गैरसमज झाला,” तो म्हणाला. आबांना भेटायला मात्र आला नाही.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. मी गेलो की ते जेवण झालं का, एवढंच विचारायचे आणि आत जाऊन पडायचे. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा “राहू दे” म्हणाले.

दहाव्याला धाकटा मालक आला. चार माणसांत उभा राहून म्हणाला, “असा प्रामाणिक माणूस आता मिळायचा नाही.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.