मातामायपुढं डोमाची शपथ

डोमा माह्या पाठचा भाऊ. जाळं फेकाले त्याले म्याच शिकवलं, अन् खोटं बोलाचं नाई हेही म्याच. चामोर्शीकडच्या आमच्या गावात डोमानं तलावातल्या मासोळीचे हिस्से पाडले का कोनी दुसऱ्यांदा तोलून पाहत नाई. असा मानूस दुसरा दाखवा मले!

त्या हप्त्यात गावातले दोन लेकरं तापानं गेले. पुजारी पत्रू म्हने, करनी हाय. अमावसेले तलावाच्या पाळीवर एक बाई कंदील घेऊन फिरताना दिसली म्हने. साऱ्याइचं बोट गेलं एकट्या राहनाऱ्या सोनीबाईवर.

दिवस बुडता-बुडता सारे गावदेवी मातामायपुढं जमले. सोनीबाईले खांबाले बांधलं होतं. बाजूले पेट्रोलची बाटली.

"अमावसेले हे कुठी होती, कोनाले ठाऊक हाय?" पत्रूनं इचारलं.

डोमाले काई ठाऊक नोतं. पन त्याची नजर बाटलीवरून हालेना.

"माह्या घरी होती," तो म्हनला. "रातभर."

"मंग घे शपथ. पोरीच्या डोक्यावर हात ठेव."

मातामायपुढं खोटी शपथ घेतली तं दिवस निंगाच्या आंधी लेकरू जाते, असं आमच्या इथी सारेच मानतेत. डोमाही मानत होता. त्याची आठ वर्साची पोरगी साक्षी समोर आली.

"बाबा, हात किती थंडा हाय तुमचा!"

डोमानं शपथ घेतली. सोनीबाई सुटली.

रातभर तो पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसला. "माय, त्या दोन लेकराइनं तुहं काय बिघडवलं होतं? त्याइले नेलं. आता एका बाईले वाचवलं म्हून माही नेशील, तं तुले हात काऊन जोडाचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षी उठली अन् चहा मांगला. डोमा ढसाढसा रडला. दार उघडलं तं बाहेर सारं गाव उभं.

"मातामायनं निवाडा देल्ला, डोमा," पत्रू म्हनला. "सोनीबाई नोती."

"नोतीच," डोमा म्हनला.

"पन पाळीवर बाई तं फिरली. मंग ते दुसरी एकटी राहनारी, चंदाबाईच. चाल, तू समोर हो. तुह्या शबदाले माय पावली."

डोमानं दाराची चौकट धरून ठेवली. खरं बोलला तं सोनीबाई जाते. लोकाइनं त्याले पुढं ढकलत गल्लीच्या टोकाले नेलं.

विधवा चंदाबाई आंगनात सडा टाकून राह्यली होती. एवढे लोक पाहून ते दचकली. मंग समोर डोमा दिसला, तशी तिच्या जिवात जीव आला.

"या भाऊ," ते म्हनली.