कोपरावरचा हात

"हात लावून बघ गे. डोळे लबाड असतात." मामींचं हे पहिल्या दिवसापासूनचं वाक्य. वांगं असो की पडवळ, आधी बोटांनी चाचपायचं, मग नाकाशी धरायचं, आणि मगच पिशवीत.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून चेन्नईच्या पेरुंगुडीला आलो. गॅस, दूध, पाण्याचा टँकर, सगळं मी यादीप्रमाणे आठवड्यात मार्गी लावलं. अडलं ते बाजारात. भाजीवालीचं मला कळेना, माझं तिला. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या या बाई पुढे झाल्या. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची, सूर तमिळ. सगळी इमारत त्यांना मामी म्हणायची, मीही म्हणू लागले.

माझ्या यादीची त्यांना फार गंमत वाटे. "बाजारात काय अहे ते आधी बघ, मग कागद लिही. कागदात भेंडी कोवळी असते काय गे?"

गर्दीत शिरताना त्या माझं कोपर घट्ट धरायच्या. "तू नवीन. हरवशील." पन्नाशीच्या बाईला असं धरून न्यायचं! तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. मला मात्र ते आवडायचं. परक्या गावात कोणी धरून नेतं, हे काय थोडं आहे?

मामी एकट्या राहत. बंगळूरच्या मुलाच्या मनात त्यांना कोइम्बतूरला, वृद्धांच्या वसाहतीत ठेवायचं होतं. "माझा बाजार मी करते तोवर मला कोण हलवत नाही," त्या म्हणायच्या. "तिथं म्हणे ताट वाढून देतात. आणि भाजी कोण निवडते?"

एकदा मी लिंबांपाशी मागे राहिले. मान वर केली तर मामी पुढे चालल्या होत्या, एका परक्या बाईचं कोपर धरून, तिला मराठीत अळूची पानं कशी निवडायची ते सांगत. त्या बाईची साडी माझ्यासारखीच हिरवी होती. ती गोंधळून मान डोलावत होती. मी धावत गेले आणि हळूच तिच्या जागी शिरले.

"गप्प का होतीस गे इतका वेळ?" मामी रागावल्या.

डोळे कोणाचे लबाड आणि हरवण्याची भीती कोणाला, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा रस्ता बदलला. फुटका पदपथ टाळून देवळामागून जायचं, तेही सकाळी, गर्दीच्या आधी.

पोंगलला मुलगा आला. म्हणाला, मीही बाजारात येतो. मामींनी भोपळा ठोकून पाहिला, शेवग्याची शेंग वाकवून पाहिली, भाजीवालीशी भांडून वर कढीपत्ता मिळवला. मुलगा हसत होता. मला वाटलं, निभावलं.

तो पुढे जाऊन वांग्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसला. मामी तिथे आल्या, वाकल्या आणि, तिथल्या कुठल्याही भाजीवाल्या पोराला हाक मारावी तसं, त्याला तमिळमध्ये म्हणाल्या, "तंबी, वांगी आजचीच ना?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात, तमिळमध्येच म्हणाला, "आजचीच, अम्मा."

मामींचा हात वांग्यावर थांबला. दुसऱ्या हाताची बोटं माझ्या कोपरात रुतली.

"मग घे अर्धा किलो," त्या त्याला मराठीत म्हणाल्या. "तुला आवडतात."



महिन्याभरात खालचं घर बंद झालं. गाडीपर्यंत मामी माझं कोपर धरून आल्या. आत बसल्या तरी सोडीनात. "सकाळी केळफूल येईल. हात लावून घे गे," म्हणाल्या. मुलगा गाडी सुरू करून वाट बघत होता.

आता बाजारापुरतं तमिळ मला जमतं. रस्ता पाठ आहे, हरवत नाही. तरी देवळामागूनच जाते, आणि गर्दी लागली की डावं कोपर अंगापासून आपोआप थोडं सुटं होतं.