दादाने औषध घेतलं नव्हतं

मी सहावीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने औषध घेतलंय. दवाखान्यात आणलंय, लवकर जा." सर्दी-तापाचं औषध घेतलं म्हणून कुणाला वर्गातून उठवत नाहीत. आमच्याकडे पिकावर मारायच्या विषालाही औषधच म्हणतात, आणि या दोन शब्दांचा असा निरोप आला की पुढचं कुणी विचारत नाही. खडू हातात तसाच धरून मी रस्त्यावर आले, रिक्षात बसले. सांगायला लाज वाटते, पण त्या रिक्षात मला पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला. असं काय झालं होतं, आणि झालंच होतं तर मला का सांगितलं नाही? ज्याने मला बोट धरून शाळेत नेलं त्याच्यावर मी तो सगळा रस्ता मनातल्या मनात चिडत होते.

नामदेवदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा चौथीतून त्याने शाळा सोडली आणि मी शिकले. मला तो 'बाय' म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की 'मास्तरीणबाय'. विचुंब्याला गाढी नदीच्या काठी आमची थोडी जमीन. आधी तिथे भात आणि मागून वाल, एवढंच. मग न्यू पनवेलच्या इमारती उठल्या, भाजीला गिऱ्हाईक आलं आणि दादाने भेंडी-वांगी लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला कीड चालत नाही. मी तरी कुठे वेगळी? खांदा कॉलनीत राहायला आल्यावर भाजीवालीला किडकी भेंडी परत करणाऱ्यांत मीही होतेच. तेव्हापासून दादाच्या पाठीवर फवारणीचा पंप चढला.

औषधाची पहिली बाटली घेऊन तो माझ्याकडेच आला होता. इंग्रजीतली बारीक अक्षरं, त्याला कोण वाचून दाखवणार? मी गॅसवर भाजी टाकलेली, शाळेची घाई. "बाय, येका पंपाला किती टोपणं टाकायची तेवढं सांग," तो म्हणाला. मी चष्मा वर करून आकडा शोधला आणि सांगितलं, "दोन." तेवढंच वाचलं. खाली आणखी बरंच काही छापलेलं होतं. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही, अंगावर सांडलं तर काय करायचं... ते मी नंतर वाचलं, फार नंतर. दोन हा आकडा बरोबर होता. मी मुलांना धडा पुरा वाचल्याशिवाय उत्तर लिहू देत नाही, आणि भावाला मात्र एका आकड्यावर शेतात पाठवलं.

मला भीती पहिल्यांदा वाटली ती पोपटीच्या वेळी. पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली मौज. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी भरायची, मडकं उलटं ठेवून वर जाळ करायचा. शेंगा तोडायला मी वावरात शिरले तर दादा मागून ओरडला, "त्या नको, बाय! ही कडेची वळ घरची हाय. हिला औषध नाय मारलं." मी हातातल्या शेंगा टाकून दिल्या. म्हणजे त्याला ठाऊक होतं! निदान खाणाऱ्याला काही होतं, एवढं तरी ठाऊक होतं. "आणि बाकीच्या?" मी विचारलं. "त्या बाजाराच्या." तो हसला नाही. मी त्या रात्री घरच्याच शेंगा खाल्ल्या. आणि माझ्यासाठी ओळ वेगळी राखणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी पंपाचं नोझल तुंबलं तेव्हा ते काढून तोंडाने फुंकत होता. मी किंचाळलेच. "काय व्हतंय? थुकून टाकतो ना," तो म्हणाला.

पुढे त्याचा हात कापायला लागला. चहाची बशी ओठापर्यंत नेताना अर्धा चहा सदऱ्यावर. फवारणीच्या दिवशी घाम थांबायचा नाही, डोळ्यांतून पाणी, भाकरी नको. वहिनी म्हणायची ऊन बाधलं, शेजारी म्हणायचे नजर लागली. मी दोनदा म्हटलं डॉक्टरकडे चल. दोन्ही वेळा तो म्हणाला, "भेंडीचा तोडा व्हऊन जाऊ दे." तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. उन्हं चढल्यावरही तो फवारतच होता. पंप गळत होता, पाठ भिजली होती. मग तोंडाला फेस येऊन भेंडीच्या सऱ्यांतच पडला. टेंपोत घातला तर न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरच्या रांगेत टेंपो अडकला. दवाखान्यात पोचल्यावर वास घेऊन डॉक्टरांनी वहिनीला एकच विचारलं, "यांनी औषध घेतलंय का?" वहिनी घाबरलेली. सकाळी दादाचं डोकं दुखत होतं, तिने त्याला गोळी दिली होती. ती पटकन म्हणाली, "हो, सकालीच घेतलं." झालं! कागदावर तसं लिहिलं गेलं, पोलीस आले, गावात निरोप गेला, माझ्या शाळेतही. मी पोचले तेव्हा पोलीस वहिनीला विचारत होता की घरात भांडण झालं होतं का, आणि तिला प्रश्नच कळत नव्हता. ती आपली पुन्हा पुन्हा सांगत होती, "मीच दिलं हो त्यांना, माज्या हातानं..." काय दिलंस म्हणून मी विचारलं, तेव्हा ती डोकेदुखीची गोळी निघाली. मी मध्ये पडून सगळं उलगडून सांगितलं. डॉक्टर भले होते, त्यांनी ऐकून घेतलं, कागदही दुरुस्त केला. पण गावातल्या तोंडांना कोण दुरुस्त करणार? तिसऱ्या दिवशी दादा गेला. आजही लोक मला हळू आवाजात विचारतात की त्याने असं का केलं. मी दर वेळी सांगते, त्याने काही घेतलं नव्हतं. ते त्याच्या कातडीतून, श्वासातून आपलं आपण आत गेलं. लोक मान हलवतात, आणि त्यांना खरं वाटत नाही.

गेल्या रविवारी विचुंब्याला गेले. वहिनी वावरात भेंडी तोडत होती. लुगड्यावर तिने दादाचा फुल बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट घातला होता. भेंडीची खाज लागू नये म्हणून बायका घालतातच नवऱ्याचा जुना शर्ट. जवळ गेले आणि जागीच थांबले. दवाखान्यात त्याच्या अंगावरून काढून गाठोडं करून दिलेला, तोच हा शर्ट होता. पाठीवर डाग वाळून पिवळा पडलेला.

"वहिनी, हा धुतला नाहीस?"

"नाय धुवायची. ह्यांचा वास हाय त्याला." ती सहज म्हणाली, आणि कपाळ दाबत बांधावर बसली. "डोकं लय दुखतंय आताशी, ताई. खाल्लेलं पोटात राहात नाय. रडून रडून असंल."

 मी खाली बसून तिच्या शर्टाची बटणं काढायला लागले. "वहिनी, हा दादाचा वास नाही. औषधाचा आहे. काढ हा, आत्ताच्या आत्ता काढ!"

तिने माझा हात धरला. बाही नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला. "मंग ह्यांचा कुठला व्हता?"

मी आठवू लागले. दारात उभा दादा, भाजीची पिशवी घेऊन जिना चढणारा दादा, माझ्या मुलाला खांद्यावर घेतलेला दादा... सगळीकडून तोच उग्र वास आला. त्याच्या आधीचा मला आठवेना. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मग तिने मी सोडलेली दोन बटणं पुन्हा लावली आणि भेंडी तोडायला उठली.