कातडीआडचा ताप

माझ्या मुलीला जन्मापासून कातडीचा आजार आहे. सगळं अंग खवल्यांसारखं, उन्हाळ्यात चिरा पडून रक्त येतं. माझ्या आतेभावालाही तसंच होतं, म्हणजे रक्तातूनच आलेलं. पण आटपाडीकडच्या आमच्या वाडीत सगळे म्हणायचे, बिरोबाचा कोप आहे. सात वर्षं मी देवाकडे एकच मागितलं, हिला नवी कातडी दे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी ती वाळत चालली. रोज संध्याकाळी कणकणायची, भाकरी बाजूला सारायची. डॉक्टरांनी लांबूनच बघून मलम लिहून दिलं. देव ऐकतो तरी का, असं मी मनात विचारू लागले होते.

तरी सासऱ्यांच्या आग्रहाखातर तिला घेऊन बिरोबाच्या जत्रेला गेले. दर्शनाच्या रांगेत तिला बघून मागच्या बाया मागे सरल्या. मला रडू कोसळलं. दर्शन न घेताच बाहेर पडले आणि बांगड्यांच्या एका दुकानापुढे जाऊन बसले. कासारीण उतारवयाची होती. काही न विचारता तिने लेकीचा हात हातात घेतला.

"ताप हाय की गं पोरीला," ती म्हणाली. कातडी झाकायला मी लेकीच्या गळ्याभोवती बांधलेला रुमाल तिने सोडला, मानेवरून बोटं फिरवली. "बाई, गाठी हायती हितं. कवापास्नं?"

"कातडीचंच आसंल म्हणलं."

"न्हाई. माज्या भनीला अशाच व्हत्या. टीबी निघाला. सांगलीला मोठ्या दवाखान्यात ने. दिस घालवू नगं."

दुसऱ्या दिवशी एसटीने सांगली गाठली. हातावर टोचून करायची तपासणी तिच्या कातडीवर नीट वाचता येईना, म्हणून गाठीत सुई घालून तपासलं. टीबीच होता. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं आणि मला समजावलं, "सगळं कातडीवर ढकललं, म्हणून गाठींकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. घरात कुणाला खोकला आहे?"

सासरे हिवाळाभर खोकत होते. वाडीत हिला मांडीवर घेणारे तेवढे एकटेच. त्यांनाही टीबी निघाला.

"माज्याच मांडीवर पोरीला ह्यो रोग लागला व्हय गं?" म्हणत ते लहान मुलासारखे रडले. मग मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, वाघरीपाशी खाट टाकून ते वेगळे राहू लागले. लेक उंबऱ्यातून हाका मारायची, ते मान फिरवायचे. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यांच्यापासून धोका नाही. तरी त्यांचं धाडस होईना. शेवटी लेकच धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. त्यांना हात कुठे ठेवावा हेच सुचेना.

दोघांची एकही गोळी मी कधी चुकवली नाही. महिने गेले, गाठी विरल्या, सासऱ्यांचा खोकला थांबला. पुढच्या जत्रेत कासारणीला खूप शोधलं. कुणी म्हणालं ती आष्ट्याची, कुणी म्हणालं इस्लामपूरची. भेटली नाही. ती कोण होती, याचा मी खल करत नाही.

कातडी अजून तशीच आहे. रोज तेल लावावं लागतं, ते मी लावते. पण आता मी देवाला अट घालत नाही. माझ्या हातून होईल ते करते, उरलेलं त्याच्यावर सोपवते. माझी लेक जगली. देवा, तुझे उपकार मी कशाने फेडू?