खंडेनवमी आणि कणकेचं यंत्र

वडील गेल्यावर आईला मी चेन्नईला घेऊन आले, तेव्हा ती ‘थोडे दिवस’ म्हणून आली होती. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जावं, राहायला जाऊ नये, हे तिच्या पिढीचं पक्कं मत. मी एकुलती एक असल्यामुळे तिला दुसरं घरही नव्हतं. सांगलीच्या बंद घरात ती एकटी कशी राहणार या धास्तीनं मला झोप लागत नसे, आणि जावयाच्या घरात आपण किती दिवस राहणार या धास्तीनं तिला.

वेस्ट मांबलमला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मी सकाळी सिरुसेरीच्या ऑफिसला कंपनी बसनं जायची ती दिवेलागणीनंतर परतायची. पोळ्यांची पंचाईत सुटावी म्हणून आम्ही मोठ्या हौसेनं एक स्टँड मिक्सर घेतला होता. खाली स्टीलचं भांडं, वर लोखंडी डोकं, त्यातून खाली येणारा आकडा. लोक त्यात केक फेटतात, आम्ही कणीक मळायचो. नवरा त्याला मळणीयंत्र म्हणायचा. घरातली सगळ्यात महागडी वस्तू तीच होती.

आई त्या यंत्राला हात लावत नसे. खरं तर ती कशालाच विचारल्याशिवाय हात लावत नसे. चहा करायचा तरी ‘टाकू का?’ म्हणून विचारायची. तमिळ येत नव्हतं, शेजारी हसून बघायचे, ही हसून बघायची, संपलं. सांगलीत अख्ख्या गल्लीला दटावणारी बाई इथं पायाचा आवाज न करता वावरायची. मला ते बघवत नसे.

मग खंडेनवमी आली. वडिलांचं सांगलीत लेथचं छोटं वर्कशॉप होतं आणि तिथली पूजा दरवर्षी आईच्या हातची असायची. चेन्नईत तर त्या दिवशी सगळा गाव यंत्रांच्या पाया पडतो. रिक्षांना, बसला केळीचे खांब बांधलेले, दुकानादुकानांतून चुरमुऱ्यांचा प्रसाद, रस्त्यावर कुंकू भरून फोडलेले कोहळे. आई गॅलरीतून बघत राहिली. या शहरातलं पहिल्यांदाच काहीतरी तिला न समजावता समजलं होतं. आम्ही बाजारातून परत आलो तेव्हा मळणीयंत्र पाटावर बसलं होतं. कपाळी गंध, कुंकू, झेंडूची माळ, समोर गुळाचा खडा. ती इतकी खूश होती की आम्ही दोघांनीही हात जोडले.

त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं. दसऱ्याला सकाळी तिनं स्वतः पुऱ्यांची कणीक भांड्यात घातली आणि बटण दाबलं. आत काहीतरी कडकड वाजलं, जळका वास आला आणि यंत्र थांबलं. पुन्हा दाबलं तर नुसतं गुरगुरलं.

“असू दे गं आई,” मी म्हणाले.

“होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” नवरा म्हणाला.

आईनं कणीक परातीत काढून हातानं मळली. पुऱ्या टम्म फुगल्या, आम्ही त्यांचं नको तितकं कौतुक केलं. जेवणं झाल्यावर तिनं जावयाला विचारलं, “पुण्यापर्यंतचं रिझर्वेशन मिळेल का बघता? दिवाळीआधी सांगलीला जावं म्हणते.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी भांडी घासायला उठले, कारण तिथं बसले असते तर रडले असते.

शनिवारी मी यंत्र घेऊन टी. नगरच्या सर्व्हिस सेंटरला निघाले तर आई सोबत यायला तयार. रिक्षात तिनं ते जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. सेंटरमध्ये पाहते तर रांगेनं मिक्सर, ग्राइंडर, टेबलफॅन, आणि निम्म्यांच्या अंगावर अजून चंदनाचे ठिपके. काउंटरवरच्या माणसानं आमच्या यंत्राचं डोकं उघडलं आणि उलटं करून कागदावर आपटलं. कुंकवानं लाल झालेल्या अक्षता खाली पडल्या. आईनं मूठभर वाहिल्या होत्या, त्या हवेच्या फटींतून आत गेल्या होत्या.

“आयुध पूजा, अम्मा?” त्यानं हसत विचारलं. मग मला इंग्रजीत सांगितलं, मोटर जळली आहे. वॉरंटी आहे, पण तांदूळ आत गेले तर कंपनी बदलून देत नाही. मोटर विकत घ्यावी लागेल.

“काय म्हणतोय?” आईनं विचारलं.

“काही नाही. म्हणतोय, मोटरच मुळात कच्ची होती.”

आईनं कागदावरच्या तांदळांकडे बघितलं. “मला डोळे आहेत गं,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणते, जाते मी.”

कुठून आलं कुणास ठाऊक, पण माझ्या तोंडून निघून गेलं. “तुला कुणी सांगितलं होतं त्याच्या डोक्यावर भाताची पेरणी करायला? एक फूल वाहून भागलं नसतं? आणि वर जाते, जाते! कुठं जाणार आहेस?”

“मग आधी सांगायचं!” आईचा सांगलीतला आवाज लागला. “तुझ्या यंत्राला कुठं भोक आहे ते मला काय स्वप्नात दिसणार? तुझ्या वडिलांच्या लेथला पायलीभर तांदूळ वाहिले मी, कधी बिघडला का? आणि देवाला वाहिलेल्या तांदळांवरून माझ्याशी खोटं बोलतेस?”

दुकानभर लोक बघत होते. तो माणूस पेचकस हातात धरून थांबला होता. आमचे आवाज जरा उतरेपर्यंत थांबला, मग पावती फाडली. ती आईनं माझ्या हातातून काढून घेतली. जिना उतरताना ती भांडतच होती. मला वडील गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. आल्यापासून आम्ही तिच्याशी इतकं जपून वागत होतो की तिच्यावर रागवायचा हक्क असलेलं माणूस तिला या घरात उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर ती थेट जावयासमोर जाऊन उभी राहिली. एरवी ती दाराआडून बोलायची.

“तुमची बायको भर दुकानात मला ओरडली.”

“असू दे हो आई,” तो गडबडून म्हणाला.

“असू दे काय? बिघडवलंय मी. तुम्हीही बोला.”

बिचाऱ्याचा स्वभावच रागवायचा नाही. शेवटी तो म्हणाला, “मग असं करा. पुढच्या वर्षी अक्षता वाहायच्या आधी मला हाक मारा. मी वरून फडकं टाकतो.”

पुढच्या वर्षी. तोपर्यंत आमच्या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “टाका. पण ते रिझर्वेशन काढून बसला नाहीत ना?”